करंडा, स्नो आणि टिकलीचं पाकीट



आजचा विषय नटण्याचा आहे. हप्ते, कर्ज, गांडूळखत हे सगळं सोडून मध्येच हे काय, असं काही जणींना वाटेल. पण आमच्या गटांच्या बैठकीत वही मिटली की बोलणं कशावर येतं ते तुम्हालाही ठाऊक आहे. कुणाच्या मुलीला बघायला आले होते, रंगावरून काय बोलून गेले, कुणी कुठलं क्रीम आणलं, कुणाच्या कपाळाला टिकली चालेनाशी झाली. या गप्पांच्या मागे मोठा इतिहास आहे. त्यातला बराचसा आपल्या मंडणगडच्या आजूबाजूला, सावित्रीच्या काठाला आणि शेजारच्या दापोलीत घडलेला आहे. आपल्या चेहऱ्याला काय शोभतं हे आधी रूढीने ठरवलं, मग मासिकांनी आणि जाहिरातींनी. ते कसं, तेवढं आज सांगतो.

सुरुवात फणेरपेटीपासून करू. लाकडाची छोटी पेटी, झाकणाला आतून आरसा, आत फणी, कुंकवाचा करंडा, मेणाची डबी, काजळाची डबी. जुन्या घरांत माळ्यावर अजून एखादी सापडेल. आजी-पणजीचं सगळं नटणं त्यात मावायचं. आधी बोटाने कपाळाला मेण लावायचं, त्याचा गोल नीट करायचा, मग त्यावर कुंकू दाबायचं, म्हणजे घामाने ओघळत नाही. काजळ घरचं, दिव्यावर भांडं उपडं धरून केलेलं. अंगाला डाळीचं पीठ आणि हळद, केसांना शिकेकाई, रिठा आणि खोबरेल. थंडीत टाचांना भेगा पडल्या की कोकमतेल. केसांत माळायला अबोली, बकुळी, सोनचाफा, ज्या महिन्यात जे फुलेल ते.

कुंकू म्हणजे मुळात हळदच. हळदीला चुना किंवा टाकणखार लागला की ती लाल होते. साडीवर पडलेल्या हळदीच्या डागाला साबण लावला की तो लालभडक होतो आणि खळबळून धुतला की पुन्हा पिवळा दिसतो, हे आपण सगळ्यांनी दगडावर कपडे धुताना पाहिलेलं आहे. कुंकू करण्याचं शास्त्र तेच. हळकुंडं लिंबाच्या रसात आणि टाकणखारात भिजवायची, वाळवायची, दळायची, वस्त्रगाळ करायची. सोलापूर जिल्ह्यात करमाळा तालुक्यातलं केम हे गाव कुंकवासाठी प्रसिद्ध आहे, तिथलं कुंकू देशभर जातं. बाजारात स्वस्तात मिळणारी पुष्कळशी पूड मात्र हळदीची नसते, ती रंग घातलेली असते. ती लावली की खाज सुटते, आणि दोष आपण आपल्या कातडीला देतो.

पेटीतलं सगळं घरचं होतं, पण ती पेटी उघडायची की मिटायची हे ठरवणं घरच्या बाईच्या हातात नव्हतं. नवरा जिवंत आहे तोवर कुंकू. तो गेला की कुंकू पुसायचं, बांगड्या फोडायच्या, फूल माळायचं नाही. ब्राह्मण घरांत आणि काही इतर जातींत तर बाईचं डोकंही भादरायचे. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली 'स्त्रीपुरुषतुलना' हे पुस्तक लिहिलं, त्यात त्यांनी हाच सवाल टाकला: बायको मेल्यावर पुरुष कधी मिशा भादरून कोपऱ्यात बसतो का? दीडशे वर्षं होत आली, उत्तर अजून कुणी दिलेलं नाही.

पुढे १८९० साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांनी नाभिकांना एकत्र केलं. लोखंडे म्हणजे गिरणी कामगारांचे पहिले पुढारी, जोतीराव फुल्यांचे सहकारी आणि 'दीनबंधु' पत्राचे संपादक. शेकडो नाभिक सभेला जमले आणि विधवांच्या डोक्याला वस्तरा लावणार नाही असं त्यांनी ठरवलं. आम्हाला ही गोष्ट फार आवडते. बाईच्या रूपाचा निर्णय बदलला तो ज्यांच्या हातात वस्तरा होता त्या कष्टकऱ्यांनी. बाईला मात्र त्या सभेतही कुणी विचारलं असेल असं वाटत नाही.

आपल्या शेजारच्या मुरूडचे धोंडो केशव कर्वे. त्यांनी १८९३ साली गोदूबाई या विधवेशी लग्न केलं. गोदूबाई पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकलेल्या. लग्नानंतर मुरूड गावाने कर्व्यांवर बहिष्कार टाकला. गावाचा राग लग्नावर होता हे खरं. पण विचार करा, कपाळ मोकळं ठेवून माजघरात बसायची ती बाई कुंकू लावून, लुगडं नेसून चारचौघांत उभी राहिली, हेही लोकांच्या डोळ्यांत खुपलं असणारच. याच गोदूबाई पुढे आनंदीबाई कर्वे झाल्या आणि त्यांनी 'माझे पुराण' हे आत्मचरित्र लिहिलं. वाचनालयात मिळालं तर जरूर वाचा.

आता सावित्रीच्या वरच्या अंगाला जाऊ, महाडला. बाबासाहेब आंबेडकरांचं मूळ गाव आंबडवे आपल्याच तालुक्यातलं, त्यामुळे महाडचं चवदार तळं आणि २० मार्च १९२७ ही तारीख आपल्या मुलांनाही पाठ असते. त्याच वर्षी डिसेंबरात महाडला पुन्हा परिषद भरली. २५ डिसेंबरला मनुस्मृती जाळली गेली. २७ डिसेंबरला बाबासाहेबांनी खास बायकांसमोर भाषण केलं, आणि त्या भाषणात ते कपड्या-दागिन्यांवर बोलले. पुस्तकांत हा भाग पटकन उरकतात. आमच्या मते तो सगळ्यांत महत्त्वाचा आहे.

बाबासाहेबांचं म्हणणं थोडक्यात असं होतं. गुडघ्यापर्यंत नेसलेलं लुगडं, गळ्यात भाराने गळसऱ्या, हातात कोपरापर्यंत कथलाचे किंवा चांदीचे गोट-पाटल्या, यावरून तुमची जात लांबून ओळखू येते. ही ओळखीची खूण टाकून द्या. लुगडं पायघोळ नेसा, दागिन्यांचा भार उतरवा, घालायचाच तर सोन्याचा घाला, नाहीतर घालू नका. स्वच्छ राहा आणि मुलींना शिकवा. महाडला जमलेल्या बायकांनी ते मनावर घेतलं. लगेचच लुगडं नेसायची पद्धत बदललेल्या बायका तिथे दिसल्या, अशी नोंद आहे.

कुणी म्हणेल, लुगडं वर खोचून तर कोकणातल्या सगळ्याच राबणाऱ्या बायका नेसत, चिखलात लावणी करायची तर दुसरं काय करणार. ते बरोबर आहे. पण एकीने कामासाठी वर खोचणं वेगळं, आणि दुसरीने खाली सोडलं तर गावाने डोळे वटारणं वेगळं. कोणत्या जातीच्या बाईने कोणता धातू अंगावर घालायचा हेही गावच ठरवायचं. म्हणून महाडला बायकांनी गळसऱ्या उतरवल्या, त्याला फॅशन म्हणता येणार नाही. चवदार तळ्याचं पाणी पिण्याइतकंच ते धाडस होतं. आणि काळाची गंमत बघा. तसेच जाड, काळपट, भारी दागिने आज 'ऑक्सिडाइज्ड' या नावाने शहरातल्या कॉलेजच्या मुली हौसेने घालतात. दागिना थोड्याफार फरकाने तोच. घालणारीला नको म्हणायची मुभा आहे, एवढाच बदल. पण तो फार मोठा आहे.

रूढीच्या जोडीला छापील कागद कधी आला तेही पाहू. मराठीतला पहिला दिवाळी अंक 'मनोरंजन' मासिकाचा, १९०९ सालचा. १९३० साली किर्लोस्करवाडीहून शंकरराव किर्लोस्करांनी 'स्त्री' मासिक सुरू केलं. त्यात बायकांचं शिक्षण, लग्न, आरोग्य, नोकरी यांवर चांगलं लिहून येई आणि वाचणाऱ्या बायकाही लिहू लागल्या. हे उपकार विसरायचे नाहीत. पण मासिक नुसत्या वर्गणीवर चालत नाही, जाहिराती लागतात, आणि बायकांच्या मासिकाला जाहिरात कुणाची मिळणार? साबण, तेल, पावडर, कापड. एका पानावर बाईने शिकावं असा लेख आणि समोरच्या पानावर गोरी, हसरी, साबण धरलेली बाई. तेव्हापासून ही दोन पानं शेजारी शेजारीच आहेत.

मुखपृष्ठांनीही मोठं काम केलं. दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकर, दोघेही गोव्याचे, दोघेही हाताने जादू करणारे चित्रकार. त्यांनी दिवाळी अंकांवर आणि कॅलेंडरांवर काढलेल्या बायका आपल्या आजी-आजोबांच्या भिंतींवर होत्या. मोठे डोळे, लांब केस, गजरा, उजळ कांती. दलालांचं स्वतःचं 'दीपावली' मासिक १९४५ पासून निघायचं. ती चित्रं सुंदरच आहेत, आम्ही अजूनही थांबून बघतो. पण भातलावणी करून रापलेली, हातांना घट्टे पडलेली बाई त्या मुखपृष्ठांवर क्वचितच आली, आणि 'चित्रासारखी बायको' हा शब्द मात्र घराघरांत आला.

क्रीमला आपल्याकडची म्हातारी माणसं अजून 'स्नो' म्हणतात. 'स्नो-पावडर लावून निघाली' हे टोमणेवजा वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलं आहे. तो शब्द आला 'अफगाण स्नो'सारख्या क्रीममुळे. नाव अफगाणिस्तानचं, पण बनलं मुंबईत, १९१९ साली, ई. एस. पाटणवाला यांच्या कारखान्यात. परदेशी डब्यांच्या बाजारात तो देशी माल होता. पुढे १९४१ साली लक्स साबणाच्या जाहिरातीत पहिल्यांदा भारतीय नटी झळकली, ती लीला चिटणीस, मराठी बाई आणि पदवीधर. त्या काळात पदवी घेतलेली बाई हेच नवल, आणि कंपनीला ती हवी होती साबण धरायला. १९५२ साली टाटांनी 'लॅक्मे' सुरू केली. परदेशी लिपस्टिक-पावडरवर देशाचा पैसा बाहेर जातो, तो वाचावा हा त्यामागचा विचार. नाव फ्रेंच वाटतं, पण ते आपल्या 'लक्ष्मी'चंच फ्रेंच रूप आहे, एका नाटकाच्या नावावरून घेतलेलं. म्हणजे लक्ष्मी पॅरिसला जाऊन डबीत बसून परत आली.

हे सगळं मंडणगडपर्यंत कसं पोचलं? चाकरमान्यांच्या ट्रंकेतून. गिरणीत, गोदीत, हॉटेलात कामाला असलेले आपले बाप-काके गणपतीला नि शिमग्याला यायचे. आधी बाणकोट-हर्णैपर्यंत बोटीने आणि पुढे एसटीने. ट्रंकेत खाऊ, कापड, वासाचा साबण, पावडरचा डबा. मुंबईत काय चाललंय ते पेपर न वाचता त्या ट्रंकेवरून कळायचं. नंतर बाणकोट-म्हाप्रळ बाजूच्या मुसलमान घरांतली माणसं आखातात गेली, मग तिकडून अत्तरं, क्रीमं, परदेशी साबण यायला लागले. ईदला शेजारणीकडून मिळालेली साबणाची वडी कपाटातल्या कपड्यांत वासासाठी ठेवणाऱ्या बायका आमच्या ओळखीच्या आहेत. वापरायला जीव व्हायचा नाही.

मग आकाशवाणीचं 'वनिता मंडळ', १९७२ पासून मुंबईचं दूरदर्शन, १९७३ पासून जयंतराव साळगावकरांचं 'कालनिर्णय', ज्याच्या पानामागे पाककृती नि आरोग्याचा सल्ला असतो. आपल्यापैकी कितीतरी घरांत वर्षभर येणारा एकमेव छापील कागद तोच. शहरात 'फेमिना' १९५९ पासून निघत होता, त्यांच्या सौंदर्यस्पर्धाही होत्या, पण त्याचा आपल्याशी संबंध नव्हता. तो संबंध आला १९९४ नंतर. त्या वर्षी सुश्मिता सेन आणि ऐश्वर्या राय या दोघींनी जगातल्या दोन मोठ्या स्पर्धा जिंकल्या आणि पाच-सात वर्षांत तालुक्याच्या गावांत ब्युटी पार्लरच्या पाट्या दिसू लागल्या.

हळदीचं क्रीम आठवतं का? परळमध्ये केशव विष्णू पेंढरकर यांनी १९५२ साली काढलेल्या विको कंपनीचं. त्याच्यावरून सरकारशी वर्षानुवर्षं खटला चालला. अबकारी खातं म्हणे, हे सौंदर्यप्रसाधन आहे, जास्त कर भरा. कंपनी म्हणे, हे आयुर्वेदिक औषध आहे. शेवटी सर्वोच्च न्यायालयात कंपनीच्या बाजूने लागलं. हळद म्हणजे औषध की नटणं, हे न्यायमूर्तींना ठरवायला लागावं याचं आम्हाला हसू येतं. नवरीला हळद लावताना आपण कधी असा फरक केला आहे का?

आता गोरेपणाकडे येतो, कारण खरं दुखणं तिथे आहे. आपल्या भाषेत रंगाला किती शब्द आहेत ते मोजा: गोरी, निमगोरी, गव्हाळ, सावळी, काळीसावळी. लग्नाच्या जाहिरातींनी हे शब्द पक्के केले. विठ्ठल सावळा चालतो, त्याच्यासाठी आपण मैलोन्‌मैल चालतो, सून मात्र सावळी चालत नाही. गोऱ्या इंग्रजांचं राज्य हे यामागचं एक कारण, पण एकमेव नाही. ज्याला उन्हात राबावं लागत नाही तो उजळ राहतो, म्हणून उजळ म्हणजे वरचा, हा हिशेब इंग्रजांच्या आधीचा आहे. युरोपात तोच हिशेब उलटा फिरला. तिथे कामगार कारखान्यात कोंडले गेले आणि फिकट दिसू लागले, श्रीमंत लोक समुद्रावर ऊन खायला जाऊ लागले. मग साधारण १९२० नंतर रापलेली कातडी ही तिकडे ऐटीची गोष्ट झाली. गोव्याच्या किनाऱ्यावर तेल लावून उन्हात पडलेले परदेशी लोक पैसे खर्चून जे मिळवतात ते आपल्याला लावणीच्या आठवड्यात फुकट मिळतं, आणि आपण ते घालवायला पैसे देतो.

१९७५ साली हिंदुस्तान लिव्हरने 'फेअर अँड लव्हली' बाजारात आणलं. पुढे छोटी पाकिटं निघाली, मग ते किराण्याच्या दुकानात बिस्किटांशेजारी लटकू लागलं. त्याच्या जाहिरातींची गोष्ट ठरलेली: सावळी मुलगी उदास, क्रीम लावलं, मग नोकरी मिळाली, स्थळ आलं. एका जाहिरातीत बाप, मुलगा असता तर बरं झालं असतं असा उसासा टाकतो आणि मुलगी गोरी होऊन कमावती होते. अखिल भारतीय जनवादी महिला संघटनेने अशा जाहिरातींविरुद्ध तक्रारी केल्या, पाठपुरावा केला, आणि २००३ साली त्या मागे घ्याव्या लागल्या. २०१४ साली जाहिरातींवर लक्ष ठेवणाऱ्या संस्थेने नियम केला की सावळ्या माणसाला दुःखी किंवा अपयशी दाखवायचं नाही. जुलै २०२० मध्ये क्रीमच्या नावातला 'फेअर' काढून 'ग्लो' आला. त्याच्या थोडं आधी लग्न जुळवणाऱ्या एका मोठ्या संकेतस्थळाने रंगावरून स्थळं निवडायची सोय बंद केली. ट्यूब मात्र तीच आणि लटकते आहे तिथेच.

मोबाइलवर आता मुली बघतात ते व्हिडिओ म्हणजे जुन्या मासिकाची ती दोन पानं एकत्र झालेली आहेत. सल्ला कुठे संपतो आणि जाहिरात कुठे सुरू होते ते कळत नाही. पैसे घेऊन वस्तू दाखवली असेल तर 'जाहिरात' असं स्पष्ट लिहावं, असा नियम २०२१ पासून आहे. मुलींना तो शब्द शोधायला शिकवा. बाकी गमतीही होतात. कोरियन बायकांसारखे केस हवेत म्हणून तांदळाचं पाणी लावायचं, हे एका मुलीने आईला मोबाइलवर दाखवलं. आई म्हणाली, पेज गाळल्यावर ते पाणी मी रोज म्हशीला घालते, ती कोरियन दिसते का बघ.

थोडं नुकसानीचं बोलतो. चिकटणारी टिकली आमच्या आयांच्या तरुणपणी आली आणि मेणाची डबी गेली. सोय मोठी झाली यात शंका नाही. पण काही टिकल्यांच्या डिंकात एक रसायन असतं, त्याने कातडीतला रंग मरतो आणि टिकलीएवढा पांढरा डाग पडतो. त्वचारोगाच्या डॉक्टरांना हे चांगलं माहीत आहे. घरचे त्याला कोड समजतात, बाईला वेगळी वागणूक सुरू होते. कपाळाला खाज आली की टिकली लगेच बंद करा, रात्री काढून ठेवा, आणि डाग दिसला तर डॉक्टरला दाखवा. वेळेत थांबवलं तर पुष्कळदा रंग परत येतो. गोरं करणाऱ्या बिननावाच्या क्रीमांत पारा सापडला आहे. पाऱ्याने किडनी बिघडते, आणि आपल्या देशात तो सौंदर्यप्रसाधनात घालायला बंदी आहे. काही क्रीमांत स्टेरॉइड असतं: बीटामेथासोन, क्लोबेटासॉल, मोमेटासोन. चार दिवस चेहरा उजळतो, मग कातडी पातळ होते, लाल पडते, पुटकुळ्या येतात, आणि बंद केलं की आणखी बिघडतं. ही औषधं डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत असं २०१८ पासून आणखी कडक केलेलं आहे. ज्या डबीवर बनवणाऱ्याचा पत्ता, परवाना क्रमांक, बॅच आणि मुदत नाही, ती घेऊ नका. मग ती कुणीही, अगदी आपल्या गटातल्या ताईने आणलेली असो.

'गटातल्या ताईने' हे मुद्दाम म्हटलं. २००१ च्या सुमारास त्याच हिंदुस्तान लिव्हरने आंध्रात बचत गटांच्या बायकांना गावोगाव माल विकायला घेतलं आणि मग ती योजना देशभर नेली. 'शक्ती' हे तिचं नाव. पुष्कळ बायकांच्या हातात त्यातून पैसा आला, हे नाकारायचं कारण नाही. पण साबण विकणं वेगळं आणि शेजारणीच्या मुलीला 'तू काळी आहेस' हे पटवून ट्यूब विकणं वेगळं. आपल्याकडे मालाची पिशवी घेऊन कुणीही आलं तरी ही निवड गटाने करायची असते, विकणाऱ्या एकटीवर टाकायची नसते.

आपल्याकडे विकायला दुसरं आहे. कोकमाच्या बिया. आगळ-आमसुलं झाली की बिया आपण वाळवून मिळेल त्या भावाला देऊन टाकतो. त्या बियांत साधारण पाव हिस्सा तेल असतं. आज्या बिया कुटून, उकळून, वर आलेलं तेल काढायच्या आणि थंड झालं की मुठीत वळून गोळा करायच्या, म्हणून काही गावांत त्याला मुठेल म्हणतात. तळहाताच्या उबेला ते वितळतं, वास येत नाही, भेगांवर उत्तम. याच गुणांमुळे ओठांच्या आणि अंगाच्या महागड्या क्रीमांत आज कोकमाचं लोणी म्हणून ते घालतात, देशात आणि परदेशातही. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने कोकमाच्या 'कोकण अमृता' आणि 'कोकण हातीस' या जाती काढल्या आहेत. झाडं आपली, कृती आपल्या आज्यांची. विकण्यासाठी करायचं तर त्यालाही परवाना लागतो, स्वच्छता लागते, एका गटाला ते झेपणार नाही. चार-पाच गटांनी मिळून ग्रामसंघात विषय घ्यावा लागेल.

शेवटी पुन्हा कुंकवाकडे. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यात हेरवाड गावाच्या ग्रामसभेने ठराव केला की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र नि जोडवी काढणं या प्रथा गावात बंद. त्याच महिन्यात राज्याच्या ग्रामविकास विभागाने सगळ्या ग्रामपंचायतींना हेरवाडसारखं करा असं परिपत्रक काढलं. ठराव कागदावर सोपा, हळदीकुंकवाच्या दिवशी अवघड. आपल्या कितीतरी गटांत अध्यक्ष किंवा सचिव विधवा आहे. वर्षभर सगळ्यांचे पैसे ती सांभाळते, बँकेत तीच जाते, आणि संक्रांतीला गटाचं हळदीकुंकू असलं की घरी काम आहे सांगून येत नाही. आपण सगळ्या ते काम काय ते जाणून असतो.

हेही लक्षात ठेवा की १८५२ च्या संक्रांतीला सावित्रीबाई फुल्यांनी पुण्यात तिळगुळाचा समारंभ ठेवला होता आणि सगळ्या जातींच्या बायका एकाच जाजमावर बसतील असं आमंत्रणातच सांगितलं होतं. म्हणजे संक्रांतीचा समारंभ कसा करायचा हे बायकांनी बदललेलं आहे, तेही इतक्या जुन्या काळी. आमच्या काही गटांनी गेल्या दोन वर्षांत आमंत्रणातला 'हळदीकुंकू' शब्द काढून 'तिळगूळ' लिहायला सुरुवात केली. हळद, कुंकू, अत्तर, गजरा सगळं ताटात असतं, जिला हवं ती घेते, कुणी कुणाला विचारत नाही. काही सासवा नाराज झाल्या. एका वाडीत तर निम्म्या बायका आल्या नाहीत. दुसऱ्या वर्षी त्यातल्या थोड्या आल्या. यंदा वाण काय द्यायचं यावर अजून वाद चालू आहे. कुणी म्हणतं कोकमतेलाचा गोळा, कुणी म्हणतं भाजीच्या बियांची पुडी. टिकल्यांची पाकिटं नकोत, एवढं मात्र एकमताने ठरलं आहे.